पोत्यातला पहिला कप

"ताजी आहे का हो?" असं कुणी विचारलं, की ठिणगीचं डोकं सटकलंच म्हणून समजा.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाबांनी लहानपणी पाडलेलं, आणि तिनं जन्मभर त्याला जागून दाखवलेलं. कॉफीच्या बिया भाजायच्या, दळायच्या आणि विकायच्या, असं दुकान बाबांचं. आता गल्ला आणि बाहेरची उठाठेव दादा बघायचा, भाजणं ठिणगीकडे. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत आणि जरा बेतानंच बोलत.

लोक विचारणारच, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण विचारण्याची एक तऱ्हा असते की नाही? "आजच भाजलेली द्या हं," असं कुणी ऐटीत म्हणालं, की ही दोन्ही हात कमरेवर ठेवायची. "आजची मिळणार नाही. परवा या. भाजलेली बी दोन-तीन दिवस दम खाते, तोवर तिला कुणी छळायचं नाही." फ्रीजमध्ये ठेवू का म्हणणाऱ्याला सांगायची, "ठेवा की. मग कांद्याच्या वासाची कॉफी प्या आणि मला शिव्या घाला." एका आईनं विचारलं, कॉफीनं पोरगी काळी पडेल का? ठिणगी म्हणाली, "मी लहानपणापासून पितेय, बघा माझ्याकडे." ती बाई बघतच राहिली, कारण ठिणगी मुळातच चांगली सावळी. मग दोघीही खो-खो हसल्या.

समोरच्या शिंपिणीला दिवस गेले होते. तिनं हळूच विचारलं, "थोडी चालेल ना गं ताई?"

"ते डॉक्टरांना विचार. आणि कप केवढा आहे तेही सांग, तुझा कप म्हणजे तांब्या आहे." असं म्हणून तिनं दुसऱ्या डब्यातली पुडी बांधली. "तोवर ही ने. भाजलेल्या जवाची पूड आहे. कॉफी नाही, पण कॉफीची चुलतबहीण आहे."

"आणि ते कॅफिन काढलेलं मिळतं ते?"

"काढतात, पण थोडं मागे राहतंच. नवऱ्याच्या खिशातले पैसे काढल्यासारखं. सगळे कधी निघतात का?"

दादा म्हणायचा, "तुझ्या या तोंडापायी अर्धं गिऱ्हाईक पळतं." ती म्हणायची, "उरलेलं अर्धं जन्मभर टिकतं, त्याचं काय?" आणि खरंच टिकायचं, कारण ती बोलायची तिखट पण खोटं बोलायची नाही.

दुकानाचा एक रिवाज होता, बाबांनी घालून दिलेला. नवं पोतं फोडलं, की त्यातला पहिला कप घरातल्या थोरल्या माणसानं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत प्यायचा. दूध नाही, साखर नाही. "जे आपल्या पोटात घालवत नाही, ते दुसऱ्याच्या पोटात घालायचं नाही," एवढं बाबांचं तत्त्वज्ञान, आणि तेवढ्यावर त्यांनी दुकान चालवलं. हल्ली ते थकले होते. आतड्याचं मोठं दुखणं होऊन गेलं, तेव्हापासून डॉक्टरांनी सकाळचा एकच कप बांधून दिलेला. तो घेऊन ते दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायचे आणि तासभर पुरवायचे. पोत्याचा कप आपोआप मागे पडला. दादाला वाटलं, रिवाज संपला.

त्या सुमारास ठिणगी तापानं आठवडाभर अंथरुणाला खिळली. उठून दुकानात आली, तर फळीवर नवी बरणी. दादाच्या अक्षरात वर चिठ्ठी: खास काळी. झाकण काढलं तर आत कोळसा. बिया कसल्या, तेलकट, काळ्याकुट्ट ढेपा.

"इतकं काळं कोण भाजतं?" ती म्हणाली.

"मी भाजलं. लोकांना आवडतं हल्ली."

"कुठल्या लोकांना?"

"लोकांना गं! दवाखान्याच्या कँटीनचं काम मिळतंय आपल्याला. रोजचा माल. मॅनेजर उद्या सकाळी चव बघायला येतोय. तू जरा गप्प बसशील?"

माणूस नाव न घेता 'लोक, लोक' करायला लागला, की कुठंतरी पाणी मुरतंय म्हणून ओळखावं. आणि इथं तर खरोखरच मुरलं होतं. ठिणगी तडक मागच्या खोलीत गेली. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या धुण्याच्या मशीनचा पाइप फुटला होता, भिंतीवर पिवळा ओघळ अजून ओला होता. खाली उघड्या फरशीवर सगळी पोती. खाली फळ्या टाक, फळ्या टाक, असं ती दादाला किती दिवस सांगत होती. "टाकतो गं, घाई काय आहे!" हे त्याचं ठरलेलं उत्तर. तिनं एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाच्या बिया एकमेकींना चिकटून गोळा झाल्या होत्या आणि त्यावर पांढरी-हिरवी लव आली होती. हात बाहेर काढला, तर बंद तळघराचा वास.

दादा मागे येऊन उभा राहिला होता.

"भाजल्यावर काही राहत नाही," तो म्हणाला. "एवढ्या आगीत काय जगतं?"

"बुरशी मरते. तिनं आत सोडलेलं विष कुठं जातं? थोडं कमी होतं, सगळं जात नाही. बाबांनीच शिकवलं ना आपल्याला? म्हणून तर एवढं जाळलंस, वास मारायला! कोळसा उगाळावा तितका काळाच, दादा."

"हळू बोल. बाबा बाहेर आहेत."

"का हळू बोलू? दवाखान्याचं कँटीन आहे ते! तिथं आजारी माणसं पितात, त्यांच्या उशाशी जागणारी माणसं पितात!"

मग दादाचाही तोल गेला. एवढा माल फेकायचा, तर काम कुठलं नि दुकान कुठलं? बाहेर दारोदार फिरून पायाचे तुकडे त्यानं पाडायचे आणि कौतुक मात्र भाजणारीचं. घरी-दारी सगळीकडे ठिणगी, ठिणगी, ठिणगी. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही मोठं आणलं होतं. हे सगळं तो एका दमात बोलला. त्यातलं पुष्कळसं खरं होतं, आणि म्हणून ठिणगीला जास्तच लागलं.

शेवटी त्यानं खिळ्यावरची भट्टीच्या खोलीची किल्ली काढून खिशात टाकली. "उद्या अळीमिळी गुपचिळी. तोंड उघडलंस, तर या भट्टीला पुन्हा हात लावायचा नाही. बाबांनी दुकान माझ्या नावावर केलंय, लक्षात ठेव."

ठिणगीनं त्याच्याकडे बघितलं. भट्टीवाचून ती जगली असती, नाही असं नाही. दुसरीकडे कुठं भाजलं असतं, नाहीतर लोकांची धुणी धुतली असती. पण समोरचा माणूस तिचा दादाच आहे, की दादाचा सदरा घातलेला भलताच कुणी, हे तिला कळेना.

मॅनेजरला फोन करून सगळं सांगणं सोपं होतं. दोन वाक्यांचं काम. पण मग चोर पकडला गेला असता आणि भाऊ कायमचा गेला असता. माल तर ती कुठल्याही परिस्थितीत जाऊ देणार नव्हती, वेळ पडली तर रस्त्यात आडवी पडणार होती. पण त्याआधी एक संधी दादाला द्यायची, असं तिनं ठरवलं. ती कशी, तेही ठरवलं.

सकाळी मॅनेजर आला. गोल चेहऱ्याचा, बडबड्या, भला माणूस. खुर्चीत टेकायच्या आधीच त्याचे प्रश्न सुरू.

"ताजी आहे ना?"

"एकदम ताजी," दादा म्हणाला.

"चिकोरी वगैरे?"

"नावालासुद्धा नाही."

"आणि पोटाला बाधणार नाही ना? आमच्याकडे आजारी माणसांचे नातेवाईक येतात, हो. आधीच बिचारे उपाशीतापाशी."

"निश्चिंत राहा," दादा म्हणाला, पण हे म्हणताना तो बरणी पुसत होता, आणि बरणी स्वच्छच होती.

त्यानं खास काळी दळली, उकळतं पाणी ओतलं, कप भरला आणि मॅनेजरपुढे सरकवला. मॅनेजरनं हात पुढे केला.

"थांबा हं, साहेब," ठिणगी म्हणाली. "आमच्याकडे नव्या पोत्यातला पहिला कप घरातला थोरला माणूस पितो. गिऱ्हाइकासमोर. आमच्या बाबांचा रिवाज आहे."

"अरे वा!" मॅनेजर खूश झाला. "हे फार आवडलं मला!"

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबांचा आजचा कप झालाय," तो घाईघाईनं म्हणाला.

"कुठं झालाय?" खुर्चीतून बाबा म्हणाले. त्यांना एरवी तीनदा हाक मारावी लागे, पण कॉफीचा विषय निघाला की कान तरुण. "आण इकडे, पोरी. किती दिवसांनी आठवण झाली रिवाजाची!"

ठिणगीनं कप उचलला आणि बाबांच्या हातात दिला. दिला, पण सरळ उभी राहिली नाही. तिचा उजवा हात कपाच्या जवळच होता, वीतभर अंतरावर. काहीही झालं तरी थेंब त्यांच्या ओठाला लागू द्यायचा नव्हता. कप उडवायचाच होता. फक्त तो आपल्याला उडवावा लागू नये, एवढंच ती मनात घोकत होती. दादा, अडव. दादा, अडव ना रे.

बाबांनी दोन्ही हातांनी कप धरला. त्यांनी फुंकर मारली.

"बाबा, गरम आहे," दादा म्हणाला.

"कॉफी गरमच असते, शहाण्या."

त्यांनी कप तोंडाशी नेला. ठिणगीची बोटं पुढे सरकली.

आणि काउंटरवरचा तराजू धाडकन खाली पडला. दादा कधी आडवा-तिडवा काउंटरवरून आला, ते कुणालाच कळलं नाही. त्यानं आपला तळवाच कपावर झाकणासारखा ठेवला. उकळती कॉफी त्याच्या बोटांवर हिंदकळली. त्यानं हात काढला नाही.

"काय रे?" बाबा म्हणाले. "तुला हवाय का?"

"नको, बाबा."

"मग?"

"तुम्ही नका पिऊ. पोती भिजली होती. बुरशी आलीय. मी जाळून झाकली."

मॅनेजरचा हसरा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे आत्ता हा कप तुम्ही मला..."

ठिणगीनं रात्रभर जुळवून ठेवलेलं भलंमोठं भाषण होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर पडलं. "दवाखान्यात बसलेल्यांनाही बाप असतात, दादा."

मॅनेजर उठला. तो भला होता, पण खुळा नव्हता. बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही, चारचौघांत सांगीन, असं बरंच काही बोलला.

"सांगा," दादा म्हणाला. भाजलेला हात त्यानं पोटाशी धरला होता, पण मान वर होती. "खुशाल सांगा. तुमच्याआधी मीच सांगणार आहे."

मॅनेजर गेला. एवढा वेळ बाबा नुसते बघत होते. त्यांनी कप जमिनीवर ठेवला आणि दादाचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "आधी गार पाण्याखाली धर हा," ते म्हणाले. "मग तुला चांगला बदडतो."

दादा मोरीशी गेला आणि नळाखाली हात धरून रडला. नळ मोठा सोडला होता, पण तेवढ्यानं काय लपतंय? ठिणगीनं सगळं ऐकलं आणि तिचेही डोळे भरून आले. मग दोघांनी मिळून पोती ओढत ओढत मागच्या दारी नेली आणि कुणी उचलून वापरू नयेत म्हणून वर फिनेलचा आख्खा डबा ओतला. खास काळीची बरणीही त्यातच पालथी केली.

इतक्यात समोरची शिंपीण आली. "ताई, यांच्यासाठी कॉफी दे गं. ताजी आहे ना?"

ठिणगीनं कमरेवर हात ठेवले, तोंड उघडलं. पण उत्तर दादानं दिलं.

"नाही. आज कॉफीच नाही. पोती भिजली, माझ्या आळसानं. नवा माल येईपर्यंत कुणालाच मिळणार नाही. कुणी विचारलं तर हेच सांग, जसंच्या तसं."

शिंपीण चकित होऊन दोघांकडे बघत निघून गेली. आता तासाभरात गल्लीभर होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. दादानं खिशातून किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

"असू दे तिथं," ठिणगी म्हणाली. "आधी फळ्या आण."

"आणि माझ्या कपाचं काय?" बाबा खुर्चीतून गरजले. "मी काय पाप केलंय?"

दुकानात उरलं होतं काय, तर जवाच्या पुडीचा डबा. ठिणगीनं तीच उकळली आणि कप भरून बाबांकडे निघाली. दादानं मध्येच तिच्या हातातून कप घेतला.

"अरे, थोरल्यानं आधी प्यायचं असतं," बाबा म्हणाले.

"आजपासून आधी मी," दादा म्हणाला. त्यानं घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला, आणि चेहरा वाकडा केला.

"कशी आहे?" ठिणगीनं विचारलं.

"भिकार," दादा म्हणाला आणि कप बाबांच्या हातात दिला. "पण खुशाल प्या, बाबा."