बदली आणा, मग आजारी पडा

दीपालीताई वारल्या हे कळलं, तेव्हा त्या जिथे कामाला होत्या, त्या आबिड्सच्या कॉफीच्या दुकानात संध्याकाळची गर्दी होती. मॅनेजर युवराजने फोन ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाला, "चला, ऑर्डरी थांबल्यात."

अशी काचेची दुकानं हैदराबादेत नुकतीच आली होती. गार हवा, चांगला गणवेश. कामावरची मुलं खूश होती. नियम एकच जाचक होता. रजा हवी तर आपली बदली, म्हणजे आपल्या जागी काम करणारं माणूस, आपणच आणायची. अंगात ताप असताना दीपालीताईंनी सगळ्यांना विचारलं. कुणाला जमलं नाही, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या विनयलाही नाही. त्या कामावर आल्या, मशीनपाशी कोसळल्या आणि दवाखान्यातून परतल्या नाहीत.

अंत्यविधीला एकटा विनय गेला, त्याची त्या दिवशी सुट्टी होती. बाकीच्यांना बदली मिळाली नाही!

पुढे तो सुलतान बाजारात त्यांच्या घरी गेला. त्यांचे यजमान नामदेवराव बस डेपोत फिटर होते. त्यांनी स्वतःच चहा केला. साखर घालायची राहिली. दोघांनी तसाच प्यायला.

"भाऊजी, मी हो म्हटलं असतं तर..."

"तुला कशाला दोष देऊ? माणूस शोधणं तिचं काम होतं का? आमच्या डेपोत ताप आला तर बदली डेपो बघतो. युनियनने भांडून मिळवलंय ते."

"आमच्यात युनियन नक्को म्हणतात. युवराज सर म्हणतात, आपण सगळे फॅमिली."

"फॅमिली!" नामदेवरावांनी कप खाली आपटला. "घरात तापलेल्या बाईला कुणी म्हणतं का, आधी दुसरी बाई आण, मग झोप?"



थोड्याच दिवसांत दुकानातली प्रणिता तापाने फणफणत कामावर आली. विनयने तिला खुर्चीवर बसवलं.

"सर, ही घरी जाईल. बदली तुम्ही बघा."

"क्या रे, लीडर झालास? युनियन करतोस?"

"हौ सर. करतो."

मागून कामावरची रेणू म्हणाली, "मी पण." मग रितेशही पुढे आला. प्रणिता घरी गेली.

वाचकहो, एकमेकांवर उपकार करून हा प्रश्न सुटत नाही. दीपालीताईंना त्या दिवशी बदली मिळाली असती, तरी उद्या दुसरं कुणी कामावर उभ्याउभ्या मेलं असतं. आजारपणात घरी राहणं हा हक्क आहे, आणि हक्क एकट्याने मागून मिळत नाही.

विनयची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात झाली आहे. विनय, रेणू आणि रितेश या तिघांशिवाय अजून कुणी पुढे आलेलं नाही. युनियन व्हायची आहे.