पुलावरचा कॅमेरा आणि मागची सीट

गौतमदादा आठवडाभर सख्ख्या बहिणीच्या, म्हणजे पूर्वीच्या, भाषणाला ‘बरंय’ म्हणत होता आणि स्पृहाच्या भाषणाला ‘एक नंबर’. तिथेच सगळं बिनसलं.

दादरच्या एका मंडळाने शाळांसाठी वादविवाद स्पर्धा ठेवली होती. विषय, रस्त्यांवर स्पीड कॅमेरे वाढवावेत का? चिठ्ठ्या काढल्या. पूर्वी आणि स्पृहा जिवलग मैत्रिणी, पण स्पृहाला आलं ‘हो’, पूर्वीला ‘नाही’. स्पृहा दादरला राहायची, पण तयारीला रोज लालबागला पूर्वीच्या चाळीत यायची. घावणे पूर्वीच्या आईच्या हातचे खायची आणि मुद्दे विचारायची पूर्वीच्या सख्ख्या भावाला. दादा बाइकवरून औषधांची पार्सलं पोचवायचा, रस्ते त्याला तोंडपाठ.

“दादा, तुम्ही किती छान समजावता,” स्पृहा म्हणायची. चाळीत दादाला आजवर कुणी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. तो असा काही पाघळायचा की तिला घरी सोडायलाही स्वतःच निघायचा.

“माझ्या भाषणात काय कमी आहे रे?” पूर्वीने विचारलं.

“काय नाय गो. जरा ओरडा कमी कर.”

“पोटात दुखतंय तिच्या,” आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली. “ओवा देऊ?”

स्पर्धेच्या दिवशी स्पृहा आधी बोलली आणि शेवटी म्हणाली, हे सारं मला गौतमदादांनी शिकवलं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत दादाने कॉलर नीट केली, आणि पूर्वीने हातातला कागद सरळ घडी करून ठेवून दिला.

“ज्या दादांचं आत्ता कौतुक झालं,” ती माइकवर म्हणाली, “त्यांच्या मागे मी रोज बसते. पुलावरचा कॅमेरा दिसला की आमची गाडी वरातीसारखी चालते. कॅमेरा मागे पडला की मी लालबागला आणि माझी ओढणी शिवडीला. मग सांगा, कॅमेऱ्याचा उपयोग काय?”

सभागृह खो खो हसलं. दादाने मान खाली घातली. पूर्वीला वाटलं, जिंकले.

मग उत्तर द्यायला स्पृहा उठली, अगदी शांतपणे. “म्हणजे कॅमेऱ्यापाशी गाडी हळू होते, हे पूर्वी स्वतःच सांगतेय. मग पूलभर लावा ना. तिचा दादा सुखरूप घरी येईल.”

करंडक स्पृहाला गेला. ती वडिलांबरोबर निघून गेली. पूर्वी दादाच्या बाइकवर मागे बसली.

पुलावर कॅमेरा आला, गाडी हळू झाली. कॅमेरा मागे पडला आणि सवयीने पूर्वीने ओढणी मुठीत धरली. पण वेग वाढलाच नाही. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न मारला, शिवीही घातली.

“कॅमेरा गेला, दादा.”

“म्हायतेय.”

तिला राहवेना. “स्पृहाला सोडायला जायचास, तेव्हा कशी चालवायचास?”

“हळूच. घाबरते ती.”

म्हणजे ओढणी शिवडीला जायची ती फक्त बहिणीची. करंडक गेल्याचं लागलं नव्हतं तेवढं हे पूर्वीला लागलं.

“मीपण घाबरते,” ती म्हणाली.

हे तिने त्याला कधी सांगितलंच नव्हतं. दादाने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडी आणखी डावीकडे घेतली.