दुसऱ्या कागदावरची खूण

मतदान ग्रंथालयात होतं. आत खरी मतपेटी, एकाच उमेदवारासमोर शिक्का मारायचा. बाहेर व्हरांड्यात दुसरं टेबल. मत देण्याची पद्धत बदलली तर निकाल बदलतो का, हे विद्यापीठातल्या एका अभ्यासगटाला पाहायचं होतं. त्यांच्या कागदावर जे जे उमेदवार चालतील, त्या सगळ्यांसमोर खूण करायची मुभा होती. हे टेबल ग्रंथपालबाईंच्या गळ्यात पडलं होतं.

उमेदवार तिघं. ठेकेदाराचा डोळा वॉर्डातल्या जुन्या दवाखान्याच्या जागेवर होता, तिथे त्याला गाळे काढायचे होते. हेडमास्तर सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिसऱ्या सिस्टर. निवृत्त होऊनही त्या रोज दवाखान्यात जायच्या आणि तो वाचावा एवढ्यासाठीच उभ्या राहिल्या होत्या. ग्रंथपालबाईंच्या सासूबाईंच्या पायाची जखम गेलं वर्षभर त्याच धूत होत्या.

"सिस्टर लाख चांगल्या, पण निवडून थोड्याच येणार?" सकाळी चहा पिताना बाईंचा नवरा म्हणाला. "ठेकेदाराला पाडायचं तर हेडमास्तरच. उगाच मत वाया कशाला घालवायचं?"

बाईंना ते पटलं. त्यांनी आत जाऊन हेडमास्तरांवर शिक्का मारला आणि बाहेर येऊन टेबलाशी बसल्या.

लोक येत होते, कागद भरत होते. गल्लीतला शिंपी पेन हातात घेऊन थबकला.

"बाई, इथे सिस्टरांपुढे खूण केली तर ती धरतात का?"

"नाही हो. ही नुसती चाचणी आहे."

"मग बिनधास्त करतो!" म्हणत त्याने ठसठशीत खूण केली.

बाई हसल्या. दुपारपर्यंत असे दहाबारा जण भेटले, तेव्हा मात्र त्यांचं हसू आटलं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. ठेकेदार चारशे बारा, हेडमास्तर तीनशे एकाहत्तर, सिस्टर एकशे एकोणतीस. बाहेर ठेकेदाराच्या माणसांचा जल्लोष चालू असताना बाई आत दुसरे कागद मोजत होत्या. कागद आठशे तीन. त्यातल्या पाचशे अठ्ठ्याऐंशींवर सिस्टरांसमोर खूण होती. ठेकेदार मात्र एकूण आठशे तीनपैकी निम्म्यांनाही चालत नव्हता. बाईंनी तीनदा मोजलं. आकडा हलला नाही.

त्या तडक निवडणूक अधिकाऱ्याकडे गेल्या. त्याने त्यांचा आकड्यांचा कागद शांतपणे पाहिला.

"बाई, निकाल लागल्यावर पेपर घरी बसून पुन्हा सोडवला, तर मार्क वाढतात का?"

"पण साहेब, लोकांना त्याच हव्या होत्या!"

"मग लोकांनी आत तसं सांगायचं होतं. मी आतलेच कागद मोजतो." त्याचंही काही चुकत नव्हतं.

संध्याकाळी त्या सिस्टरांकडे गेल्या. सिस्टर दारातच बसल्या होत्या. बाईंनी आकडा सांगितला. सिस्टरांनी तो दोनदा विचारून घेतला.

"इतक्यांना चालत होते मी?"

"हो, सिस्टर."

"आणि मला वाटलं, एवढी वर्षं सुया टोचल्या म्हणून लोकांनी सूड उगवला." त्या हसल्या, मग डोळे पुसत म्हणाल्या, "तू तरी दिलंस ना गं मला, आतल्या कागदावर?"

सिस्टरांनी क्षणभर वाट पाहिली, मग बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे. जा घरी, सासूबाई वाट बघत असतील."

दोन महिन्यांत दवाखान्याला कुलूप लागलं. बाईंनी अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या. सही करताना जो तो सांगायचा, "मी त्या दुसऱ्या कागदावर सिस्टरांनाच खूण केली होती." अर्जाला पोच मिळाली, उत्तर नाही. सिस्टर मुलीकडे दुसऱ्या गावी निघून गेल्या.

आता सासूबाईंना ड्रेसिंगसाठी दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात न्यावं लागतं. तिथे रांगेत बसल्या बसल्या त्या परवा म्हणाल्या, "सूनबाई, सिस्टर फार हलक्या हाताने करायची गं."

"हो, आई," बाई म्हणाल्या. पुढे अजून सतरा माणसं होती. त्यांनी सासूबाईंचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.