हनुवटीवरचे तीन ठिपके

त्या वर्षी बेंबळीच्या शिवारात ज्वारी गुडघ्यालाही लागली नव्हती. जनावरे छावणीत गेली होती आणि गावच्या दूध सोसायटीचे निम्मे कॅन रिकामे परत येत होते. दूध आटले तरी तात्यारावांचे चेअरमनपण आटले नव्हते. सकाळीच इस्त्रीची टोपी घालून ते ओसरीवर बसले होते.

"जाई, पोह्यात शेंगदाणे बक्कळ टाक. सूतगिरणीतला क्लार्क हाय पोरगा. असंतसं स्थळ न्हाय."

"व्हय," चुलीपुढून जाईबाई म्हणाली. तिचे लक्ष लेकीकडे होते. अठरा वर्षांची पुतळा खुंटीवरच्या आरशात बघून कुंकू लावत होती. लावण्याआधी तिने सवयीने हनुवटीला बोट लावले. तिथे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते आणि कपाळावर एक उभी रेघ.

हे गोंदण जाईबाईने करवले होते, बहात्तरच्या दुष्काळात. खडी फोडायच्या कामावर एक गोंदणारी आली होती. जाईबाईने मजुरीत वाट्याला आलेली शेरभर लाल मिलो ज्वारी तिच्या पदरात घातली आणि आठ वर्षांच्या पुतळाचे डोके मांडीत गच्च धरले. पोर किंचाळत होती. "रडू नगं बाय. आता कशी माझी लेक शोभाया लागलीस! मेल्यावर बी ह्या ठिपक्यांवरनं वळखीन तुला." जाईबाईच्या स्वतःच्या हनुवटीवर तसेच तीन ठिपके होते. पुतळा आरशात बघे तेव्हा आधी ते ठिपके बघे, मग बाकीचा चेहरा.

पाहुणे येडशीकडून आले. नानासाहेब, त्यांची बायको सखूबाई आणि चिरंजीव रामलिंग. रामलिंगच्या टेरिलिनच्या शर्टाच्या खिशाला दोन पेने होती. एकाने हिशोब लिहिता येत असावा. दुसरे कशाला होते ते त्यालाच ठाऊक. पुतळाला चालवून बघितले. वर्तमानपत्र वाचायला दिले. तिने अख्खा रकाना न अडखळता वाचला. तो कोणी ऐकला नाही. रामलिंग आईच्या कानाशी लागला.

सखूबाईंनी मनगटापर्यंतच्या बाह्या सारख्या केल्या. "पोरगी सालस हाय. रंग बी चालंल. पर तोंडावरचं हे हिरवं कसं चालंल? आमच्या रामलिंगला सायबाच्या घरी जावं लागतंय जोडीनं. लोक म्हणतील, कुठल्या रानातनं धरून आणली."

पुतळाची मान खाली गेली. तात्याराव घाईने हसले. "त्यात काय एवढं? निघतंय की ते!"

कॅनवरचा डाग निघतो म्हणावे, तसे ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गोंदण जाळायला बिब्बे आणले. जाईबाई आधी नाही म्हणाली. "अवो, कातडं जळंल पोरीचं."

"तुझ्या अडाणीपणापायी पोरीचं नशीब अडलंय. तूच केलंस, तूच निस्तर."

या एका वाक्याने जाईबाईचा हात हलला. दहा वर्षे जे लेकीचे लेणे वाटले, ते नवऱ्याच्या तोंडून एका दमात अडाणीपणा झाले आणि तिला ते खरेही वाटले. तिने वाटीत चुना घेतला, बिब्ब्याचे तेल घातले.

"आई," पुतळा हळूच म्हणाली, "तुझं बी काढायचं का गं?"

जाईबाईने काडी वाटीत बुडवली. मधल्या ठिपक्यावर तिने तो लेप लावला.

तीन दिवस पुतळाला भाकरी चावता आली नाही. फोड फुटला, पू झाला आणि ठिपक्याच्या जागी तांबडा खड्डा राहिला. तिने आरसा उलटा करून भिंतीकडे फिरवला. पाण्याला जाणे सोडले. शेजारची गजराबाई हाका मारून गेली, तर ही तोंडावर पदर ओढून कणगीआड बसून राहिली.

"एक झाला," तात्याराव म्हणाले. "अजून दोन ऱ्हायलेत, आन कपाळ."

आठव्या दिवशी पाहुणे काम कुठवर आले ते बघायला आले. सखूबाईंनी पुतळाची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. बाजारात गाईचे दात बघतात, तशी.

"डाग पडला की! पर हिरव्यापरीस बरा. पावडरीत झाकंल. बाकीचं बी काढून टाका, मंग तारीख धरू."

त्या हात धुवायला उठल्या. जाईबाई तांब्याने पाणी घालत होती. भिजू नये म्हणून सखूबाईंनी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत हात गोंदणाने भरलेला होता. तुळस, मोर, पाळणा. याच हातावर डोके ठेवून रामलिंग लहानाचा मोठा झाला होता.

जाईबाईने तांब्या खाली ठेवला. आत गेली आणि चुन्या-बिब्ब्याची वाटी घेऊन बाहेर आली. ती तिने सखूबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"आधी तुमचं काढू. मंग लेकीचं."

सखूबाईंनी झर्रकन बाही ओढली. नानासाहेब खाकरले. रामलिंग खिशातल्या पेनाचे टोपण काढून पुन्हा बसवू लागला. आईच्या हाताकडे त्याने बघितले नाही.

"जाई! डोस्कं फिरलं का तुझं?" तात्याराव ओरडले.

"फिरलं व्हतं. आठ दिसांमागं."

पाहुणे चहा न घेता गेले. तात्याराव महिनाभर बायकोशी बोलले नाहीत. सोसायटीच्या सभेत मात्र प्रगतीवर दोनदा बोलले. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी पुतळाने आरसा सरळ केला आणि बराच वेळ त्यात बघितले.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरे स्थळ आले. मुलाच्या आईने हनुवटीकडे बोट केले. "हे काय गं, पोळलं का?"

"न्हाय," पुतळा म्हणाली. या वेळी तिची मान खाली नव्हती. "तीन ठिपके आईनं गोंदवले. त्यातला एक आईनंच जाळला. बिब्बे तात्यांनी आणले. आन तुमच्यासारखीच माणसं बघाया आली व्हती."

चुलीपुढे जाईबाईने ते ऐकले. लेक खोटे बोलली असे सांगायला ती बाहेर आली नाही.