बारावी बाटली

थांबा, चहा नंतर, आधी ऐका!

माझं काम काय, तर गोळ्या मोजायच्या. हसू नका ना! साथीच्या वॉर्डात काम करणाऱ्यांना लागण व्हायच्या आधीच देऊन बघायची अशी एक नवी गोळी आली होती. तिची चाचणी, बऱ्याच दवाखान्यांत मिळून; आमच्या वॉर्डातले बारा जण. प्रत्येकाला एक बाटली, वर फक्त नंबर. निम्म्या बाटल्यांत खरं औषध, निम्म्यांत नुसती पिठाची गोळी. दिसायला डिट्टो! कुणाची कुठली, ते डॉक्टरांनाही माहीत नाही, मग मला कुठलं? नव्वद दिवस रोज एक घ्यायची, उरलेल्या मला परत. मी मोजणार.

सगळं समजावून झालं होतं, सह्या झाल्या होत्या. आणि त्याच दुपारी मी वॉर्डाच्या चहाच्या खोलीत शिरते तर काय! मोठ्या सिस्टर बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन बसलेल्या, आणि टेबलावर अकरा बाटल्या, झाकणं उघडी!

"सगळ्या यात ओतायच्या आणि ढवळायच्या," त्या म्हणाल्या. "रोज जिच्या हाताला जी येईल ती. म्हणजे कुणीच अगदी कोरडी राहणार नाही. या डब्यातलं एक बिस्कीट आम्ही चौघींत खाल्लंय, गोळ्या नाही वाटून घेणार?"

डबा भरला की चाचणी बुडाली, कुणी काय खाल्लं ते देवालाही कळलं नसतं! पण बोलू कशी? मी काल आलेली, आणि त्या कितीतरी महिने तिथं पाय रोवून उभ्या.

बारावी बाटली सफाईवाल्या मावशींची. मावशींना दमा, घरी अंथरुणाला खिळलेला नवरा. सिस्टरांनी हात पुढे केला. "आणा मावशी. खरं तर तुमच्याचसाठी चाललंय हे."

मावशींनी बाटलीवर हात ठेवला. "सिस्टर, माझा दम्याचा फवारा आहे ना, तो पण आधी कुणीतरी असाच घेऊन बघितला असेल?"

"असेल की."

"आणि कुणाच्या तरी वाट्याला नुसतीच हवा आली असेल."

सिस्टरांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"त्यांनी असा घोळ घातला असता, तर आज मी इथं फरशी पुसत नसते. माझ्या नशिबी पीठ तर पीठ. पण घोळ नको."

मग सिस्टरांनीच पहिलं झाकण लावलं. मग दुसरं, तिसरं... अकराच्या अकरा.

"आता या डब्याचं काय?" कुणीतरी विचारलं.

"बिस्किटं आणा," मावशी म्हणाल्या.

सात आठवड्यांनी मावशींनाच लागण झाली. नऊ दिवस ऑक्सिजनवर! मी रोज काचेबाहेर उभी, डोक्यात एकच भुंगा: ओतू दिल्या असत्या तर? दहाव्या दिवशी मावशींनी मास्क बाजूला केला आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"बाटली कपाटात आहे. ताप आला त्या दिवसापासून बंद केल्यात. मोजून घे."

एक्केचाळीस असायला हव्या होत्या. एक्केचाळीसच निघाल्या! मी तीनदा मोजल्या. गरज नव्हती, तरी मोजल्या.

शेवटी सगळ्या दवाखान्यांची मिळून यादी उघडली. पिठाच्या गटात एकतीस जण आजारी, औषधाच्या गटात फक्त चार. फक्त चार, अरे! आणि मावशींच्या नंबरापुढे... पीठ. सांगायला मीच गेले.

"त्या एकतीसमधली एक मी?"

"हो, मावशी."

"म्हणजे मोजलं गेलं ना मला? मग झालं तर."

आता खरी गोळी सगळ्यांना मिळते. वाटायचं काम माझंच. पहिल्या दिवशी मावशी रांगेत सगळ्यांच्या मागे. गोळी जिभेवर ठेवली, डोळे मिटले, गिळली, आणि माझ्याकडे बघून म्हणतात कशा,

"चव तीच आहे की गं!"