धुतलेला कोळसा

माझा भाऊ मेला नाही, एवढंच तुमच्या हातून राहून गेलं. बाकी सगळं तुम्ही केलंत. वर अहवालात लिहून मोकळे झालात, ‘चालकाचा निष्काळजीपणा’.

तो चालक म्हणजे माझा दादा. चाळीस गाईंच्या गोठ्यामागचा गॅस प्लांट त्याने अकरा वर्षं सांभाळला. शेणाच्या गॅसमध्ये सडक्या अंड्यासारखा वास मारणारा एक विषारी वायू असतो. तो गॅसवर चालणारं इंजिन खातो आणि माणसालाही सोडत नाही. तो अडवायला दादाने दोन पिंपं कोळशाने भरली होती. कोळसा वहिनी करायची, दाणे काढलेली मक्याची कणसं झाकणबंद ड्रममध्ये भाजून. गॅस पिंपांतून जायचा, विष कोळशात अडकायचं, इंजिनाकडे स्वच्छ गॅस जायचा. वाटेत दादा तांब्याची घासलेली पट्टी टांगायचा. पट्टी काळी पडली की कोळसा बदलायचा. अकरा वर्षं एवढ्यावर चाललं.

मग तुमच्या खात्याचा कागद आला. कोळसा धुतलेला, वाळवलेला, राख नसलेला असावा. पिंपांना सील असावं. कोळसा तीन महिन्यांनी, तुमच्या माणसासमोरच बदलावा.

वहिनीने ऐकून कपाळाला हात लावला. “अहो, त्या विषाचा आंबटपणा मारते ती राखच. ती धुतल्यावर उरतं काय, नुसता काळा रंग?”

“वरून आलंय,” दादा म्हणाला. “शिकलेली माणसं आहेत. काहीतरी बघूनच लिहिलं असेल.”

“आणि मी काय इतकी वर्षं गवत उपटत होते?”

दादा हसला. पण कोळसा धुतला गेला. पाइप धरून धुणारा मीच. मी वेल्डर, दादाच्या मदतीला गेलो होतो. पांढरट पाणी गटाराला वाहत होतं आणि मला वाटत होतं, वा, काय लखलखीत निघालाय! कामाची चीज त्या पाण्यातून चालली होती, हे मला नंतर चार पुस्तकं चाळल्यावर कळलं. वहिनीला एकही न चाळता कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी पट्टी काळीठिक्कर.

“सील तोडतो,” मी म्हणालो.

“हात लावू नकोस. साहेबांना कळवलंय.”

“साहेब येईपर्यंत आपणही असेच काळे पडू.”

“तुझी जीभ म्हणजे वेल्डिंगची कांडी आहे. टेकली की ठिणगी.”

दहाव्या दिवशी सकाळी इंजिनाच्या खोलीतला एक जोड गळायला लागला. असे जोड त्याने शंभरदा आवळले होते. पाना घेऊन तो आत वाकला. मी दारात होतो.

“दादा, वास फार येतोय.”

“मगाशी येत होता. आता गेला बघ.”

वास गेला नव्हता, त्याचं नाक गेलं होतं. तेवढ्यात पाना खाली पडला आणि मागोमाग दादा. मी श्वास कोंडून आत घुसलो आणि कॉलरला धरून त्याला फरफटत बाहेर आणलं. तुमचा माणूस आला अकराव्या दिवशी. वरातीमागून घोडं.

अठरा दिवसांनी दादा दवाखान्यातून घरी आला. हात थरथरतात, ते एक वेळ बरं होईल. पण त्याने तुमचा अहवाल वाचला. आता तो नळाची तोटी फिरवण्याआधीसुद्धा वहिनीला विचारतो, “फिरवू का?” अकरा वर्षं गॅस हाताळलेला माणूस! वहिनी “फिरवा की” म्हणते आणि तोंड वळवते.

मी दोन डबे भरले. एकात धुतलेला कोळसा, एकात न धुतलेला. दोन्हींतून तोच गॅस सोडला. धुतलेल्याची पट्टी दुपारपर्यंत काळी. दुसरी सहा दिवस चकचकीत. दोन्ही पट्ट्या तुमच्या टेबलावर ठेवल्या. तुमचे साहेब म्हणाले, “हे प्रमाणित नाही.”

“दादा पडला, ते प्रमाणित होतं का?” मी विचारलं. त्यांनी शिपायाला हाक मारली.

बसल्या बसल्या मी आमचाही विचार करतो. पट्टी ओरडून सांगत होती आणि आम्ही कागदाचं ऐकलं. ते आमचं चुकलं. पाइप माझ्या हातात होता, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. तुम्ही काय लिहून देणार?

काल दादाने विचारलं, “कळवलं का रे त्यांनी काही? माझंच चुकलं ना?” मी “बघतो” म्हणून उठलो. आज तो पुन्हा विचारेल. त्याला काय सांगू? लेखी सांगा, खाली सही करून.