आवाजाची वायर

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी मऊ आवाजात सांगावी अशी रीत आहे म्हणे. फाटकी छत्री तशी सांगते, झिजलेलं नाणंही सांगतं. मला ते जमणार नाही. तरी समोर लेकरं बसली आहेत म्हणून आवाज जरा खाली आणतो.

मला पाहिलं नसेल तर सांगतो. एक काळी पेटी. तिच्यावर दोन ओळींत चार-चार, असे आठ रबरी चौकोन. दोन काड्यांनी मला वाजवतात. एका चौकोनात ढोलकी आहे, एकात हलगी, एकात ताशा, एकात झांज. पण नीट ऐका हं, माझ्या पोटात आवाज आहेत, ठेका नाही. ठेका वाजवणाऱ्यानं तिथल्या तिथं, माणसांसमोर घडवायचा असतो, भाकरी थापतात तसा. कालची भाकरी आज फुगत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं काही आठवत नाही, पांढरा फोम आणि अंधार तेवढा आठवतो. पहिली काही वर्षं नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात गेली. मग एके वर्षी हळदीला बरा भाव आला आणि सेनगावकडच्या एका खेड्यातले लिंबाजी मला घरी घेऊन आले. ते सकाळपासून हळद शिजवण्याच्या कामावर होते. तसेच आले, तसेच बसले आणि त्याच पिवळ्या बोटांनी त्यांनी माझा तिसरा चौकोन दाबून पाहिला. तो डाग अजून आहे. माझ्या अंगावर दागिना म्हणून तेवढाच.

लिंबाजी बँजो पार्टीत वाजवायचे. शेतीतून वेळ काढून लग्नं, गणपती, पोळा. त्यांचा एकच नियम होता. "हात पॅडवर, डोळे पायावर." म्हणजे काय, तर समोर नाचणाऱ्याच्या पायाकडं बघून ठेका द्यायचा. पोरं उड्या मारायला लागली की चढवायचा. कुणी जाडजूड मामा रिंगणात शिरला की एक मात्रा थांबायचं, त्याचा पाय जमिनीला लागू द्यायचा आणि मग हाणायचं. मामाला वाटायचं, आपण काय नाचतो! सगळं गाव हसायचं, मामाही हसायचा. तसलं हसू मी पुष्कळ ऐकलं आहे. त्याचा मला राग नाही.

लिंबाजींची मुलगी शिवकन्या रांगत होती तेव्हापासून माझ्यापाशी. तिची आई, सुमनबाई, तिला माझ्याशेजारी गोधडीवर टाकून चुलीकडं जायची. रबरावर काड्या टपटपल्या की पोर झोपायची आणि लिंबाजी थांबले की किंचाळून उठायची. "झोपू देता का न्हाई तिला? वाजवा की!" सुमनबाई आतून ओरडायची. जगात असा वादक विरळाच, ज्याला बायको वाजवा म्हणून रागावते.

मग आवाजाचे मोठमोठे डबे लावलेल्या गाड्या आल्या. बँजो पार्टी मोडली. लिंबाजींच्या खांद्यानंही साथ सोडली. मला एका जुन्या लुगड्यात गुंडाळून सोयाबीनच्या पोत्यांवर ठेवलं. उंदरानं एक कोपरा कुरतडला, ओल शिरून चौथा चौकोन मुका झाला. चार वर्षं. पण मित्रांनो, त्याचाही मला राग नाही. घरात अडचण असते, वस्तू मागं पडते.

शिवकन्या अकरावीला गेली आणि तिनंच मला खाली उतरवलं. वीज असली की आवाजात, नसली की नुसत्या रबरावर, पण रोज वाजवायची. लिंबाजी दाराशी बसून स्वतःचा पाय हलवायचे, कधी भरभर, कधी मुद्दाम अडखळत, कधी मध्येच थांबून. पोरीची नजर त्या पायावर. चुकली की म्हणायचे, "माझ्याकडं काय बघून राहिली? पायाकडं बघ. तोंड खोटं बोलतं, पाय बोलत न्हाई." दोन वर्षांत ती अशी तयार झाली की लिंबाजींनाच धाप लागायची.

आता येतो माझ्या रागावर.

हिंगोलीहून शिवशंकर नावाचा माणूस आला. त्याची आवाजाची गाडी होती. दारातच म्हणाला, "काका, पोरीला पाठवा. पोरगी पॅड वाजवून राहिली म्हनल्यावर गाव लोटतं बघायला. हट्ट्याला लगीन हाय, परण्याला वाजवायचं."

लग्न लागण्याआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. सोयरे पुढं नाचत असतात आणि दहा मिनिटांच्या वाटेला दीड तास लागतो.

"पाठवतो की," लिंबाजी म्हणाले. त्यांचा चेहरा मी पाहिला. माझे आठही दिवे लागले असते तरी तेवढा उजेड पडला नसता. शिवकन्या जीपमध्ये बसली तेव्हा ते तिला इतकंच म्हणाले, "आपल्या घरचा ठेका लोकांनी ऐकून लई वर्षं झाली, बाई."

हट्टा गावाला पोचलो. सुमनबाई सोबत होती. मला गाडीवर, अगदी पुढं, झेंडूची माळ घालून बसवलं. माझ्या पाठीत दोन वायरी लागतात, एक विजेची, एक आवाजाची. शिवशंकरनं विजेची लावली. माझे दिवे लागले. शिवकन्येनं दुसरी वायर हातात घेतली आणि विचारलं, "दादा, ही कुठं लावू?"

"ती लावायची न्हाई. सगळं पेनड्राईव्हमधी भरेल हाय. तू नुसते हात हलव अन् हासत राहाय."

"मंग मला काहून आणलं?"

"लोकायला दिसायला पायजे ना कुणीतरी. दिवे लागून राहिलेत, पोरगी वाजवून राहिली, झालं की! कुणाला कळतंय?"

ऐकलंत? कुणाला कळतंय! माझ्या अंगावर लिंबाजींच्या हळदीचा डाग आहे, शिवकन्येच्या दोन वर्षांचा घाम आहे आणि आम्हाला शोभेला ठेवलं. दुकानाच्या काचेत लुगडं नेसवून उभी करतात ना, त्या बाहुलीसारखं.

सुमनबाई खालून म्हणाली, "शिवे, उतर. घरी जाऊ."

शिवकन्येनं गर्दीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आता उतरले तर म्हनतील, लिंबाजीच्या पोरीला आलंच न्हाई. बाबाला काय सांगू?" आणि ती बसली.

परण्या निघाला. घोड्यावर नवरदेव सोमेश्वर. गाडीतून आवाज असा फुटला की पारावरची कबुतरं उडाली. शिवकन्या हात हलवत होती आणि पोरं नाचत होती. गाणं भरधाव, पोरं भरधाव, हातही भरधाव. खरंच कुणाला कळलं नाही. मला वाटलं, जाऊ दे, एक दिवस सोसू.

मारुतीच्या देवळापुढं आलो आणि गर्दीतून सत्यभामाबाई पुढं झाल्या, सोमेश्वरची आजी. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे आखडलेले, कानांनी जवळजवळ बहिऱ्या. त्यांनी नवस बोलला होता, नातू परण्या निघाला की मारुतीपुढं पाच फेर धरीन. पदर खोचला आणि पाय उचलला.

गाणं धावत होतं. आजींचा पाय सावकाश पडत होता. एक पाय, मग कमरेला हात, मग दुसरा पाय. पेनड्राईव्हला काय त्याचं! त्याला डोळे कुठं आहेत?

पण शिवकन्येला होते. तिचे डोळे आजींच्या पायांवर गेले आणि मित्रांनो, तिचे हात आपोआप संथ झाले. लहानपणापासूनची सवय ती, सुटते का? माझ्या मुक्या रबरावर ती आजींच्या पायाबरोबर ठेका धरू लागली. पाय टेकला की ढोलकी, कंबर वळली की झांज, अडखळल्या की थांबून वाट बघायची. इतका सुंदर ठेका लिंबाजींनीही कधी दिला नव्हता. आणि तो ऐकत कोण होतं? मी एकटा. माझे दिवे त्या ठेक्यावर लुकलुकत होते आणि डब्यांतून भलतंच काहीतरी धडधडत होतं.

भिंतीवर बसून मोबाईलमध्ये व्हिडिओ काढणारा एक जण ओरडला, "अय, बघा बघा! हात इकडं अन् आवाज तिकडं!"

"झोपली का काय बाई?"

"नकली हाय रे, नकली!"

हशा उसळला. हाच तो हशा, ज्याचा मला राग आहे. शिवशंकर गाडीच्या मागून दात-ओठ खात म्हणाला, "ए, गाण्याबराबर हात चालव! नाटक बी जमंना व्हय तुला?"

शिवकन्येचे डोळे भरले. दोन थेंब माझ्या पहिल्या चौकोनावर पडले. पण हात गाण्यामागं गेले नाहीत. आजी नाचत होत्या ना!

हसणाऱ्यांची तोंडं दिसली तशा सत्यभामाबाईच थांबल्या. "काहून हासता रे?"

कुणीतरी कानाशी तोंड नेऊन ओरडलं, "आजी, पोरीचे हात चुकून राहिले!"

"चुकून राहिले? मेल्यांनो, मला तुमच्या त्या डब्यातलं काई उमजत न्हाई, नुसती छाती धडधडती. मी तिच्या हाताकडं बघून नाचून राहिले! ती बराबरच वाजवती."

म्हणजे पोर आजींच्या पायांकडं बघत होती आणि आजी पोरीच्या हातांकडं. साऱ्या गर्दीत त्या दोघींचंच काय ते जुळलं होतं आणि लोक त्यांनाच हसत होते!

तेव्हा शिवकन्या उठली. तिनं माझ्या पाठीमागून आवाजाची वायर उचलली आणि मोकळं टोक सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "आजी, माझं वाजतच न्हाई. ही वायर लावू दिली न्हाई मला."

गाणं चालूच होतं, पण माणसांच्या माना वायरीकडं वळल्या. शिवशंकर पुढं धावला. "गाडी माझी हाय! मी ठरवणार काय वाजायचं ते!"

घोड्यावरून सोमेश्वर म्हणाला, "गाडी तुमची, दादा. परण्या माझा हाय. लावा वायर."

"मिक्सरमधी जागा न्हाई."

"दोन भोकं मोकळी दिसून राहिलीत मला," खालून सुमनबाई म्हणाली. "डोळे हायेत अजून."

शिवकन्येनं स्वतःच वायर लावली. पेनड्राईव्ह उपसून शिवशंकरच्या हातात दिला. पहिली काडी नेमकी माझ्या मुक्या चौथ्या चौकोनावर पडली, तेव्हा माझंच काळीज थांबलं. पण पोर घरचीच, दुसरी काडी तिनं तिसऱ्यावर मारली, हळदीच्या डागावर. हलगी कडाडली.

सत्यभामाबाईंनी पाच फेर धरले. मांडवातून माईकवर चौथ्यांदा हाक आली, "नवरदेवाला घेऊन या हो, मुहूर्त टळून राहिला!" कुणी हललं नाही. पाचव्या फेराला आजी दमल्या. शिवकन्येनं ठेका इतका बारीक केला की त्यांच्या बांगड्या ऐकू आल्या. मग त्यांनी मारुतीपुढं हात जोडले आणि ठेका तिथंच थांबला, त्यांच्या पायाशी.

आता तुम्ही म्हणाल, गोड झालं की सगळं, मग राग कशाचा?

सांगतो. त्या मोबाईलवाल्यानं हशाचा तुकडा तेवढा सगळीकडं पाठवला. वायर लावल्यानंतरचं काहीच नाही, कारण तेव्हा त्यानं फोन खिशात घातला होता आणि तोही नाचत होता! त्याचे पाय मी पाहिले आहेत, चांगला तालात होता. पण हिंगोली-सेनगावात पोरीचं नाव पडलं, नकली पॅडवाली. कॉलेजात मुली तोंडावर हसल्या. शिवशंकरची गाडी अजून फिरते. तिच्यावर दुसरा पॅड आहे, दुसरी पोरगी आहे आणि वायर नाही. ज्यानं वायर लावू दिली नाही त्याला कुणी नकली म्हणत नाही.

लिंबाजींनी तो तुकडा पाहिला. आवाज बंद करून पाहिला, दोनदा. आधी पोरीच्या हातांकडं, मग आजींच्या पायांकडं. मोबाईल खाली ठेवून म्हणाले, "एक बी चुकलं न्हाई." त्या दिवशी शिवकन्या पोटभर जेवली.

या हंगामात तिला चार गावांनी बोलावलं. सुरू करण्याआधी ती वायरीचं टोक वर धरून लोकांना दाखवते, मगच लावते. काही जण हसतात. हसोत. सुमनबाई आता मला ओल्या फडक्यानं पुसत नाही, कोरड्या सुती कापडानं पुसते, आणि उंदरासाठी पत्र्याची पेटी आणली आहे. चौथा चौकोन मुकाच आहे. सात पुरतात.

मित्रांनो, वाद्याला ओलीपासून जपा, उंदरापासून जपा, हे तर सांगतोच. पण पुढच्या वेळी कुणाला वाजवताना बघाल आणि हात आणि आवाज जुळणार नाहीत, तेव्हा त्या हातांना हसू नका. आधी मागं जाऊन बघा, वायर कुणी काढली आहे. आणि दोन भोकं मोकळी असतील, तर लावून द्या.